निकालपत्राचे वाचन : ज्युरी, अपील आणि सासुरवास

घरातील छळाच्या खटल्यात नवऱ्याला शिक्षा झाली आणि त्याने वरच्या न्यायालयात अपील केले, की त्याविषयी आपल्याकडे दोन तऱ्हांनी बोलले जाते. एक तऱ्हा आमच्या वर्गातल्या मुलींची. शिक्षा झाली, गुन्हा शाबीत झाला, मग पुन्हा दाद मागण्याचा अधिकार या माणसाला कशासाठी, असे त्या विचारतात, आणि या विचारण्यात संताप असतो. दुसरी तऱ्हा गावातली. अपिलात माणूस सुटला, की 'म्हणजे बाईच खोटी होती' असे एका वाक्यात सांगून लोक मोकळे होतात. आमच्यापैकी एक पेणला शिकवते आणि एक रोह्याला; भोगावतीच्या काठी असो की कुंडलिकेच्या, ही दोन्ही वाक्ये आम्ही सारख्याच खात्रीने उच्चारलेली ऐकली आहेत. वरवर ती परस्परविरोधी दिसतात. आमच्या मते त्यांच्या मुळाशी चूक एकच आहे. दोन्हींमध्ये निकाल ऐकला जातो, वाचला मात्र जात नाही.

हा विषय कायद्याच्या प्राध्यापकांचा, मराठीच्या अध्यापकांनी त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. निकालपत्र हा गद्यलेखनाचा एक प्रकार आहे, आणि अपील म्हणजे त्या लेखनाचे अधिकृत पुनर्वाचन, एवढे मान्य केले तर हा प्रश्न आमच्याही दारात येतो. किंबहुना तो आमच्या दारात आधीपासूनच उभा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम ज्युरीविषयी. आज आपल्या फौजदारी न्यायालयांत ज्युरी नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, जिचा अंमल १ एप्रिल १९७४ पासून सुरू झाला, तिला स्थान उरले नाही. मराठी मनाला ज्युरीची ओळख मात्र चांगली आहे. १९०८ साली टिळकांना राजद्रोहाबद्दल दोषी ठरवणारा कौल ज्युरीने सात विरुद्ध दोन असा दिला. त्या सात जणांना टिळकांच्या लेखांतले नेमके काय दोषास्पद वाटले आणि उरलेल्या दोघांना ते तसे का वाटले नाही, याची नोंद कोठेही नाही, कारण कारणे देणे हे ज्युरीचे कामच नव्हते. तिने फक्त कौल द्यायचा. टिळकांचे ते लेख मराठीत होते आणि खटला त्यांच्या इंग्रजी भाषांतरांवर चालला, ही गोष्टही भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरे उदाहरण नानावटी खटल्याचे. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी कमांडर कावस नानावटी यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे सोपवले. मार्च १९६०मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडणारा नवरा बाहेर जनमानसात नायक झाला होता. मधुसूदन कालेलकरांनी त्याच खटल्यावर बेतलेले 'अपराध मीच केला' हे नाटक आमच्या आधीच्या पिढीने डोक्यावर घेतले. आठ ज्युरर त्या लोकभावनेने वाहवले की पुराव्याने, हे सांगता येत नाही. पुन्हा तेच : कारणे नाहीत, म्हणून वाचायलाही काही नाही.

कारणे नसण्याचा परिणाम अपिलावरही होत असे. १८९८च्या जुन्या संहितेनुसार ज्युरीपुढे चाललेल्या खटल्यात सामान्यतः केवळ कायद्याच्या मुद्द्यावर अपील करता येई. साक्षी खऱ्या की खोट्या, पुरावा पुरेसा की अपुरा, हे वरचे न्यायालय सहसा नव्याने तपासत नसे. न्यायाधीशाने ज्युरीला कायदा चुकीचा समजावून सांगितला, किंवा ज्युरीने तो चुकीचा समजून घेतला, एवढे दाखवता आले तरच कौलाला हात लावता येई. याउलट न्यायाधीशाने स्वतः निर्णय दिला, तर त्याला मुद्दे काढावे लागतात, प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष द्यावा लागतो आणि त्या निष्कर्षाची कारणे लिहावी लागतात. या लिहिण्यामुळेच तो निर्णय तथ्यांच्या अंगाने वरच्या न्यायालयापुढे उघडा होतो. ज्याची कारणे लिहिली आहेत त्याचेच खंडन करता येते, हे साधे तत्त्व समीक्षेलाही लागू आहे.

आता घरातल्या हिंसेकडे वळू. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला. पती हरिमोहन मैती मुलीपेक्षा वयाने कितीतरी मोठा. खटला ज्युरीपुढे चालला. तत्कालीन कायद्यात संमतिवय दहा वर्षांचे होते आणि मुलीने दहावे ओलांडले होते, म्हणून बलात्काराचे कलम लागू होत नाही असे न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितले. अखेर निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याच्या कलमाखाली पतीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मुलगी मेली होती, मारणारा समोर उभा होता, आणि घडलेल्या गोष्टीला कायद्यात नाव नव्हते. ते नाव देण्यासाठी १८९१चा संमतिवयाचा कायदा आला आणि वय बारा झाले. त्यावरून 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्यात जे रण माजले ते मराठी निबंधाच्या इतिहासात आम्ही शिकवतो. मात्र त्या रणाच्या मुळाशी कलकत्त्यातला एक खटला होता, हे शिकवताना सहसा राहून जाते.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी पुण्यात घडलेले प्रकरण आमच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. बीडच्या मंजुश्री सारडाचे लग्न ११ फेब्रुवारी १९८२ रोजी झाले आणि त्याच वर्षी ११ जूनच्या रात्री पुण्यातील राहत्या घरी पोटॅशियम सायनाइडने तिचा मृत्यू झाला. लग्नाला उणेपुरे चार महिने झाले होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला खुनाबद्दल फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. पतीने सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि १७ जुलै १९८४ रोजी न्या. फजल अली, न्या. वरदराजन आणि न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्या पीठाने त्याला निर्दोष सोडले. 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल परिस्थितिजन्य पुराव्याविषयी आजही देशभरच्या न्यायालयांत आधार म्हणून घेतला जातो.

या निकालात साहित्याच्या वाचकाला थांबवणारी गोष्ट आहे ती मंजुश्रीच्या पत्रांची. तिने बहिणीला आणि एका मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायालयापुढे होती. सासरचे एकाकीपण, नवऱ्याची उपेक्षा, मनातले भय, हे त्यांत होते. आता प्रश्न असा, की मेलेल्या व्यक्तीची पत्रे पुरावा होऊ शकतात का? आपल्या पुरावा कायद्यात मृत्यूपूर्व कथनाला स्थान आहे, आणि इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे बोलणाऱ्याला मृत्यू समोर दिसत असलाच पाहिजे अशी अट येथे नाही. मृत्यूचे कारण किंवा ज्या घटनाक्रमातून मृत्यू ओढवला त्याची परिस्थिती त्या कथनात हवी. न्या. फजल अलींनी या आधारावर पत्रे ग्राह्य मानली. लग्नानंतर काही महिन्यांतच मृत्यू ओढवतो तेव्हा तो सर्व काळ एकाच कथेचा भाग मानावा लागतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. न्या. वरदराजन यांनी मात्र पत्रे ग्राह्य धरली नाहीत. एकाच पीठावरच्या दोन न्यायमूर्तींनी तीच पत्रे दोन तऱ्हांनी हाताळली आणि तरीही शेवटचा निष्कर्ष एकच निघाला.

तो कसा निघाला, हे पाहिले पाहिजे. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी याची पाच सूत्रे न्यायालयाने मांडली. परिस्थिती निःसंशय शाबीत हवी. ती केवळ आरोपीच्या दोषाशीच जुळणारी हवी. ती निर्णायक स्वरूपाची हवी. दुसरी प्रत्येक शक्यता तिने बाद केली पाहिजे. आणि साखळी इतकी पूर्ण हवी की निर्दोषत्वाला वाजवी आधार उरू नये. विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपीजवळ ते विष होते हेही दाखवावे लागते, आणि ते येथे शाबीत झाले नाही. जे मुद्दे आरोपीला विचारलेच गेले नाहीत, ते त्याच्याविरुद्ध वापरता येत नाहीत, असेही न्यायालयाने बजावले. आत्महत्येची शक्यता बाद होत नव्हती. तेव्हा संशयाचा फायदा आरोपीला.

हे सर्व वाचल्यावर आमची दोन मते बनतात आणि ती दोन्ही एकाच वेळी धरून ठेवावी लागतात.

पहिले असे, की या कसोटीवर फाशी टिकू शकत नव्हती आणि ती रद्द होणे न्यायाला धरूनच होते. दाट संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे तत्त्व ज्या दिवशी आपण एखाद्या नावडत्या आरोपीसाठी बाजूला ठेवू, त्या दिवशी ते कोणासाठीच उरणार नाही. अपिलाचा अधिकार नको म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींना आम्ही विजयालक्ष्मीची आठवण देतो. १८८१ साली सुरतेत या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे तीही कमी करण्यात आली. त्या प्रकरणाच्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीला जी दूषणे दिली, त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. खालच्या न्यायालयाचा कौल अंतिम असता, तर ती विधवा फासावर गेली असती. आणि वर्तमानपत्रांच्या ज्युरीवर अपील कोठे करायचे हे ठाऊक नसलेल्या काळात ताराबाईंनी ते अपील पुस्तकाच्या रूपाने वाचकांपुढे केले. मराठी स्त्रीवादी गद्याचा आरंभच असा एका अपिलाशी जोडलेला आहे.

दुसरे मत असे, की सुटका योग्य म्हणून वाचनही योग्य ठरत नाही. सारडा निकालात मंजुश्रीची प्रतिमा अतिशय भावनाशील, मनाला लावून घेणारी स्त्री अशी उभी राहते आणि आत्महत्येच्या शक्यतेला त्या प्रतिमेचा आधार मिळतो. आमची हरकत येथे आहे. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, माहेरच्या वाटेकडे डोळे लावून म्हटलेली गीते, यांतून मराठीने सासुरवासाचे एक अख्खे दालन जपले आहे. ते ज्याने वाचले, त्याला माहीत असते की सासरचे दुःख सांगणारी स्त्री ते अर्धेच सांगते, आईबापांच्या जिवाला घोर नको म्हणून आवरून सांगते, आणि बहीण किंवा मैत्रीण हीच तिची खरी श्रोती असते. अशा लेखनातली व्याकुळता हा लिहिणारीचा स्वभाव मानायचा की तिच्या परिस्थितीचा परिणाम, हा निवाडा सोपा नाही. 'भावनाशील' हे विशेषण निरुपद्रवी वाटते, पण ते लागताच दुःखाचे कारण घरातून उचलून तिच्या मनात नेऊन ठेवले जाते. आरोपीला संशयाचा फायदा देण्यासाठी, विषाचा माग लागत नाही आणि साखळी तुटते, एवढे पुरेसे होते. मृत स्त्रीच्या स्वभावाचे वर्णन त्यासाठी कितपत लागत होते, हे आम्हांला विचारावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट. १९८२ साली मंजुश्रीच्या पत्रांतल्या दुःखाला कायद्यात स्वतंत्र नाव नव्हते. पती व सासरच्या मंडळींकडून होणाऱ्या क्रूरतेचे ४९८-अ हे कलम डिसेंबर १९८३मध्ये आले, हुंडाबळीचे ३०४-ब १९८६मध्ये. गुन्हा घडल्यानंतर केलेल्या कायद्याने कोणाला शिक्षा देता येत नाही, असे संविधानाचे विसावे कलम सांगते. त्यामुळे न्यायालयापुढे खरा प्रश्न उरला तो एवढाच : खून की खून नाही? फुलमणीच्या वेळी जे झाले तेच येथेही झाले. मधल्या सगळ्या यातना दोन कलमांच्या फटीतून निसटून गेल्या. पुण्यातल्या स्त्रियांनी ही फट ओळखली. १९८२मध्ये स्थापन झालेल्या नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे पोस्टर प्रदर्शन गावोगावी नेले. विद्या बाळ यांच्यासारख्या संपादक त्या कामात होत्या, हे साहित्याच्या माणसांनी विसरू नये. न्यायालयाच्या निकालाला आव्हान देण्याची ही रीत आम्हांला निवाड्याच्या मोर्च्यापेक्षा मोलाची वाटते. येथे विशिष्ट माणसाला फाशी द्या अशी मागणी गौण होती. जे बोलले जात नव्हते ते भिंतीवर टांगून वाचायला लावणे मुख्य होते.

आजची स्थिती काय आहे? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि ४९८-अ चा आशय तिच्या ८५ व ८६ या कलमांत गेला. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनेच कलम लागते. असे खटले तालुक्याच्या ठिकाणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. शिक्षा झाली तर तीस दिवसांच्या आत सत्र न्यायालयात अपील करता येते, आणि ते न्यायालय शिक्षा स्थगित ठेवून आरोपीला जामीन देऊ शकते. हा जामीन म्हणजे सुटका नव्हे, पण गावात तो तसाच सांगितला जातो. अपिलात सत्र न्यायाधीश संपूर्ण पुरावा पुन्हा वाचतात. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा मात्र मुख्यतः दिवाणी वळणाचा आहे. त्यात संरक्षण, निवास, निर्वाह यांचे आदेश मिळतात आणि आदेश मोडला तरच शिक्षेचा प्रश्न येतो. त्या आदेशावरही तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते, आणि हा मार्ग नवऱ्याइतकाच बायकोलाही खुला आहे. फौजदारी खटल्यात आरोपी सुटला तर अपील करण्याचा स्वतःचा हक्क पीडित व्यक्तीला ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला आहे. त्यापूर्वी ती सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत विधिसहाय्य मिळते, ही तरतूद तर १९८७च्या कायद्यातली आहे. अपील हे पुरुषाचे हत्यार आहे असे मानणाऱ्या आमच्या मुलींना यांतले फारसे काही ठाऊक नसते, याचा दोष आम्ही त्यांना देत नाही.

अपिलामुळे वर्षे जातात, आणि त्या वर्षांत स्त्री माहेरच्या ओसरीवर परक्यासारखी राहते, हा आक्षेप खरा आहे. पण विलंबावर उपाय न्यायाधीश वाढवण्याचा, विधिसहाय्य खरोखर पोहोचवण्याचा आहे. पुनर्वाचनाचा हक्क छाटण्याचा नाही. घाईने दिलेली आणि पुढे न टिकणारी शिक्षा स्त्रीचे सर्वांत मोठे नुकसान करते, कारण ती कोसळते तेव्हा तिच्या शब्दासकट कोसळते.

येथे भाषेचा प्रश्न येतो. १९९८ पासून महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाची इंग्रजी. पेण तालुक्यातली एखादी बाई आपल्या बोलीत साक्ष देते. ती प्रमाण मराठीत उतरते, पुढे कागदपत्रांसोबत इंग्रजीत जाते. 'तो मला जगू देत नव्हता' या वाक्याचे प्रत्येक पायरीवर काय होते, हे भाषांतर शिकवणाऱ्यांनी तपासू नये तर कोणी? साक्षीतली लहानशी तफावत ही कित्येकदा लेखनिकाची, भाषांतराची किंवा बोलीची तफावत असते, आणि ती 'विसंगती' म्हणून बाईच्या नावावर जमा होते.

आणि म्हणून आमचे म्हणणे आमच्याच व्यवसायबंधूंना आहे. आम्ही वर्गात 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवतो. लीला बेणारेवरच्या खोट्या खटल्यातल्या निकालावर अपील नाही, हे त्या नाटकातले क्रौर्य आम्ही विद्यार्थ्यांना उलगडून दाखवतो. पण त्याच वर्गाबाहेर, स्टाफरूममध्ये, नात्यागोत्यात, एखाद्या परित्यक्तेविषयी कौल देताना आमची भाषा कारणे न देणाऱ्या ज्युरीची असते. 'निर्दोष' या शब्दाचे अर्थ किमान दोन आहेत. गुन्हा घडलाच नाही, हा एक. गुन्हा आरोपीनेच केला असे निःसंशय म्हणता येत नाही, हा दुसरा. दुसऱ्या अर्थाने सुटलेल्या माणसाला पुन्हा गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तसाच त्या निकालावरून फिर्यादी बाईला खोटारडी म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही, जोवर निकालपत्रात तसा स्पष्ट निष्कर्ष नसेल. हा फरक कळण्यासाठी वकिली शिकावी लागत नाही. मजकूर शेवटपर्यंत वाचावा लागतो.

एम.ए.च्या अभ्यासक्रमात व्यावहारिक मराठी आहे. त्यात अर्ज, इतिवृत्त, जाहिरात शिकवली जाते. त्यातच एखादे मराठीतले निकालपत्र, पक्षकारांची नावे झाकून, दोन तासिका वाचायला काय हरकत आहे? मुद्दे कोणते काढले, कोणत्या साक्षीवर विश्वास ठेवला, का ठेवला, कोठे कारण दिले आणि कोठे फक्त विशेषण वापरले, एवढे प्रश्न पुरेत. या बाकांवर बसलेल्या मुलींपैकी काहींना उद्या न्यायालयाची पायरी चढावी लागेल, काहींना साक्षीदार म्हणून, काहींना स्वतःसाठी. 'वर जाऊन हरलीस तर खोटी ठरशील' या धाकाने त्यांतल्या एकीने जरी तोंड मिटून घेतले, तर त्या मौनात आमच्या न शिकवण्याचा वाटा असेल.